हीटिंगचा जुना प्रोग्रॅमर बिघडलाय, की बिघाड पुढे कुठे आहे?

प्रश्न लेस्टरमधल्या एका मराठी कुटुंबाचा आहे. घर १९८०च्या दशकातलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर हीटिंगचा पांढरा प्रोग्रॅमर, वरच्या मजल्यावर एअरिंग कपबोर्डात (कपडे उबदार ठेवायच्या कपाटात) गरम पाण्याची तांब्याची टाकी. तक्रारी तीन. पहिली, लाईट पाच मिनिटं जरी गेली तरी प्रोग्रॅमरचं घड्याळ १२:०० वर येतं, लावलेल्या वेळा पुसल्या जातात, आणि हल्ली आकडेही फिके दिसतात. दुसरी, सकाळी गरम पाणी आणि हीटिंग एकत्र चालू होतं तेव्हा रेडिएटर छान तापतात, पण संध्याकाळी नुसतं हीटिंग लावलं की बॉयलर कधी पेटतो, कधी पेटत नाही; प्रोग्रॅमरवर थाप मारली की आतून ‘टक्’ असा आवाज येतो आणि पेटतो. तिसरी, उन्हाळ्यात हीटिंग बंद असतानाही वरचे रेडिएटर कोमट व्हायचे. बघायला आलेल्या एका माणसाने ‘बॉयलर जुना झालाय, बदलून टाका’ असं सांगितलं. घरात भारतातून आलेले सासू-सासरे आहेत, थंडी तोंडावर आहे, आणि दोन-तीन हजार पौंडांचा खर्च करायचा की नाही हे ठरत नाहीये.

मी इंग्लंडमध्ये याच कामात आहे. मुख्यतः हीटिंगच्या वायरिंगचं काम, म्हणजे प्रोग्रॅमर, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह, जंक्शन बॉक्स. त्यामुळे थोडं खोलात जाऊन लिहितो, कारण असाच प्रोग्रॅमर अजून हजारो घरांत भिंतीवर आहे आणि त्याच्यापायी चांगले बॉयलर भंगारात जाताना मी पाहिले आहेत.

आधी बॉयलरचं. तुमच्या घरात टाकी आहे, म्हणजे बॉयलर कॉम्बी, म्हणजे टाकीशिवाय लागेल तसं पाणी तापवणारा, नाही. अशा व्यवस्थेत बॉयलरला हीटिंगसाठी एक आणि पाण्यासाठी दुसरी अशा वेगळ्या आज्ञा मिळत नाहीत. त्याला एकच तार येते. त्या तारेवर फेज आला की तो पेटतो, गेला की विझतो. ही गरज टाकीची आहे की रेडिएटरची, हे त्याला कळतही नाही. जो बॉयलर रोज सकाळी वेळेवर पेटतो आणि टाकी भरून कढत पाणी देतो, तो संध्याकाळी पेटला नाही तर त्या वेळी त्याच्यापर्यंत फेज पोचलाच नव्हता, असाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा होतो. बॉयलर मधेच लॉकआउट होत असेल, म्हणजे दोष जाणवून स्वतःला बंद करून घेत असेल, त्याच्यावर लाल दिवा किंवा एरर कोड दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा बॉयलर बदलायचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

आता प्रोग्रॅमर म्हणजे नेमकं काय ते बघू. नाव भारदस्त असलं तरी तो घड्याळ लावलेला दुहेरी स्विच आहे, बाकी काही नाही. तापमान त्याला कळत नाही, पाणी तो फिरवत नाही. ठरलेल्या वेळी तो एका तारेवरचा फेज दुसऱ्या तारेवर देतो, एवढंच. ब्रिटनमधल्या बहुतेक प्रोग्रॅमरच्या मागे भिंतीला एक बॅकप्लेट असते आणि तिच्यावर सहा टर्मिनल असतात: न्यूट्रल, फेज, आणि मग १ ते ४. यात १ म्हणजे ‘पाणी बंद’, २ म्हणजे ‘हीटिंग बंद’, ३ म्हणजे ‘पाणी चालू’ आणि ४ म्हणजे ‘हीटिंग चालू’. मला सगळ्यात आधी हवं असतं ते या प्रश्नाचं उत्तर: बिघाड या सहा टर्मिनलांच्या अलीकडे आहे की पलीकडे? अलीकडे असेल तर प्रोग्रॅमर दोषी. पलीकडे असेल तर नवा प्रोग्रॅमर लावूनही संध्याकाळी रेडिएटर गारच राहतील.

‘बंद’साठी वेगळं टर्मिनल कशाला, असं वाटेल. तुमच्या दुसऱ्या तक्रारीची किल्ली तिथेच आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

तुमच्या काळातल्या घरांत साधारण दोन पद्धतींनी जोडणी केलेली असते. एका पद्धतीत टाकीजवळ तीन तोंडांचा एकच व्हॉल्व्ह असतो, तिला वाय-प्लॅन म्हणतात. दुसरीत दोन तोंडांचे दोन व्हॉल्व्ह असतात, एक टाकीचा आणि एक रेडिएटरचा, ती एस-प्लॅन. एअरिंग कपबोर्ड उघडून बघा. पाइपांवर बसवलेली चपटी धातूची डबी आणि तिच्यातून निघालेली जाड केबल दिसेल. अशी एक डबी आणि तिला तीन पाइप असतील तर वाय-प्लॅन, दोन डब्या असतील तर एस-प्लॅन. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून तुमच्याकडे वाय-प्लॅन असावा असा माझा अंदाज आहे. एस-प्लॅन निघाला तर पुढचे दोन परिच्छेद तुम्हाला लागू नाहीत; तिथे हीटिंगचा व्हॉल्व्ह, रूम थर्मोस्टॅट आणि टर्मिनल ४ एवढंच तपासायचं.

वाय-प्लॅनचा व्हॉल्व्ह विजेविना असला की आतल्या स्प्रिंगने टाकीच्या बाजूला उघडा राहतो. म्हणजे नुसतं गरम पाणी हवं असेल तेव्हा त्याच्या मोटरला काहीच काम नसतं; टाकीवरचा थर्मोस्टॅट बॉयलरला परस्पर फेज देतो. दोन्ही हवं असेल तेव्हा पांढऱ्या तारेवर फेज येतो, मोटर व्हॉल्व्हला मधोमध आणून धरते आणि दोन्हीकडे पाणी जातं. आणि नुसतं हीटिंग हवं असेल तेव्हा व्हॉल्व्हला टाकीचं तोंड पुरतं बंद करून पलीकडच्या टोकाला जावं लागतं. त्यासाठी पांढऱ्या तारेसोबत करड्या तारेवरही फेज लागतो. करड्या तारेला तो दोन ठिकाणांहून मिळतो: टाकी तापून तिचा थर्मोस्टॅट सुटला की त्याच्याकडून, नाहीतर प्रोग्रॅमरच्या टर्मिनल १ वरून, म्हणजे ‘पाणी बंद’कडून. व्हॉल्व्ह टोकाला पोचला की आतला मायक्रोस्विच दाबला जातो आणि नारिंगी तारेवरून बॉयलरला फेज जातो. मधोमध अडकला तर मायक्रोस्विच बॉयलरला फेज देत नाही.

म्हणून टर्मिनल १ वर फेज आला नाही तर काय होतं बघा. सकाळी दोन्ही एकत्र चालू असताना काहीच जाणवत नाही, कारण बॉयलर पाण्याच्या मागणीवर पेटतो, आणि टाकी तापल्यावर तिचा थर्मोस्टॅट करड्या तारेला फेज देतो. संध्याकाळी पाणी बंद आणि हीटिंग चालू असलं की व्हॉल्व्ह मध्यावर येऊन थांबतो आणि बॉयलर गप्प. तुमचं लक्षण अगदी हेच आहे. शिवाय थाप मारल्यावर ‘टक्’ होऊन पेटतो, म्हणजे संशय प्रोग्रॅमरच्या आतल्या पाण्याच्या रिलेवर, म्हणजे विजेने हलणाऱ्या छोट्या स्विचवर जातो. रिले चालू असताना त्याची पट्टी विजेच्या जोराने चिकटून बसते. बंद असताना मात्र ती फक्त स्वतःच्या स्प्रिंगच्या दाबाने ‘बंद’ कॉन्टॅक्टवर टेकलेली असते. वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी कॉन्टॅक्ट काळे पडले आणि स्प्रिंग थकली की आधी ही ‘बंद’ बाजूच दगा देते. थापेने पट्टी हलते, काळा थर क्षणभर फुटतो, फेज जातो.

पण एवढ्यावरून प्रोग्रॅमर बदलायला मी सांगणार नाही, कारण व्हॉल्व्हची मोटर मंदावली तरी वरवर तेच दिसतं. ‘पाणी गरम येतंय म्हणजे व्हॉल्व्ह ठीक आहे’ हे तर मी घरोघरी ऐकतो. वर सांगितल्याप्रमाणे नुसत्या पाण्यासाठी व्हॉल्व्हच्या मोटरला हलावंच लागत नाही, त्यामुळे मोटर पूर्ण जळलेली असली तरी पाणी गरम येत राहतं. म्हणून एक साधी तपासणी करा. तिला कुठलंही झाकण उघडावं लागत नाही, फक्त दोन माणसं हवीत: एक प्रोग्रॅमरपाशी, एक एअरिंग कपबोर्डापाशी.

रूम थर्मोस्टॅट सगळ्यात वर फिरवून ठेवा. बिनतारी असेल तर त्याची बॅटरी आधी नवी घाला; निम्म्या ‘हीटिंग लागत नाही’ तक्रारी इथेच संपतात असं म्हटलं तरी फार चुकणार नाही. आता प्रोग्रॅमरवर पाणी बंद करा, हीटिंग सतत चालू ठेवा, आणि वरच्या माणसाला व्हॉल्व्हच्या डबीवर हात ठेवायला सांगा. सगळं ठीक असेल तर आधी प्रोग्रॅमरमध्ये टक् होतं, मग व्हॉल्व्हची मोटर बारीक गुरगुरते, दहा-वीस सेकंदांत थांबते, आणि पाठोपाठ बॉयलर पेटतो. डबीच्या एका बाजूला हाताने सरकवायची छोटी लिव्हर असते. व्हॉल्व्ह पूर्ण टोकाला गेलेला असेल तर ती सैल लागते, बोटाने ढकलली की अडथळा न होता फिरते. आता बॉयलर पेटला नाही अशा वेळी काय दिसतं ते नोंदवून ठेवा. मोटर गुरगुरली, व्हॉल्व्ह थोडा हलला आणि अर्ध्यातच थांबला, तर करड्या तारेवर फेज नाही, म्हणजे टर्मिनल १ वर संशय. मोटर अजिबात गुरगुरली नाही, लिव्हर पहिल्यासारखीच ताठ आहे, तर एकतर पांढऱ्या तारेवर फेज नाही, म्हणजे टर्मिनल ४ किंवा रूम थर्मोस्टॅट. नाहीतर मोटर मेली आहे. मग तशाच अवस्थेत प्रोग्रॅमरवर पाणीही चालू करा. बॉयलर पेटला आणि दहा मिनिटांत रेडिएटर तापू लागले, तर व्हॉल्व्ह निदान मध्यापर्यंत येतोय, मोटर जिवंत आहे. बॉयलर पेटला, टाकीकडचा पाइप कढत झाला आणि रेडिएटर गारच राहिले, तर मोटर किंवा तिच्यापर्यंतची वाट दोषी.

ही तपासणी एकदा सगळं ठीक चालू असताना करा, म्हणजे बरोबर आवाज कसा असतो ते कानाला कळेल, आणि एकदा बिघाड झालेल्या संध्याकाळी करा. अधूनमधून होणारा बिघाड ज्या क्षणी होतो त्याच क्षणी पकडावा लागतो. मेकॅनिक सकाळी दहाला येतो, सगळं नीट चालतं, आणि ‘आता तर ठीक आहे’ म्हणून निघून जातो. तुमच्याकडे मोबाइलवर त्या संध्याकाळचा वीस सेकंदांचा आवाजासकट व्हिडिओ असेल तर त्याची फेरी वाचते आणि तुमचे पैसेही.

पहिल्या तक्रारीकडे येतो. घड्याळ १२:०० वर येणं आणि आकडे फिके पडणं, ही एका दुखण्याची दोन लक्षणं वाटतात, पण कारणं वेगळी आहेत. लाईट गेल्यावर घड्याळ चालू ठेवायला आत छोटी बॅटरी असते. काही मॉडेलांत नाण्याएवढी सीआर २०३२ सारखी लिथियमची, काहींत सर्किट बोर्डावर डाग देऊन बसवलेली, चार्ज होणारी निकेल-कॅडमियमची. निकेल-कॅडमियमची बॅटरी दहा-पंधरा वर्षांत दम सोडते, आणि पुष्कळदा गळून आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा हिरव्या करून ठेवते. सुटणारी बॅटरी असेल तर बदलून बघायला काहीच हरकत नाही, मात्र आधी मेन बंद करून. बोर्डावर डाग दिलेली असेल तर तिच्यासाठी खटपट करण्यात अर्थ नाही.

आकडे फिके पडतात त्याचं कारण बहुधा वेगळं. या प्रोग्रॅमरमध्ये ट्रान्सफॉर्मर क्वचितच असतो. २३० व्होल्ट खाली आणायला एक चौकोनी प्लॅस्टिकचा कपॅसिटर वापरतात. तो सतत मेनवर असतो. प्रत्येक विजेच्या झटक्याबरोबर त्याच्या आतल्या धातूच्या पातळ थराचा एखादा ठिपका जळून जातो आणि त्याची क्षमता थोडी थोडी घटत जाते. तीस वर्षांनी ती इतकी उतरते की डिस्प्ले कसाबसा चालतो, पण रिले ओढायची वेळ आली की वीज पुरत नाही. मग आकडे क्षणभर मंद होतात, रिले टकटक करत राहतो किंवा ओढतच नाही, कधी अख्खा प्रोग्रॅमर रीसेट होतो. तुमच्याकडे हीटिंग चालू होतानाच आकडे मंद होतात का, हे नीट बघा. तसं होत असेल तर हेच कारण, यात मला फारशी शंका नाही. इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेला माणूस हा कपॅसिटर काही पेन्समध्ये बदलू शकतो. मी मात्र ग्राहकाच्या घरी तो बदलत नाही. एक भाग बदलला तरी थकलेले रिले, वाळलेलं प्लॅस्टिक आणि गळकी बॅटरी तशीच राहतात, आणि आतल्या प्रत्येक बिंदूवर मेनचा दाब असतो.

काटे-चाकांचा, फिरणाऱ्या तबकडीचा प्रोग्रॅमर असता तर उत्तर वेगळं असतं. त्यातली मोटर मेनच्या ५० हर्ट्झवर चालते, म्हणून लाईट असेपर्यंत घड्याळ अचूक आणि लाईट गेली की जेवढी गेली तेवढंच मागे. बॅटरीचा प्रश्नच नाही. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळ बदलते तेव्हा तबकडी हाताने फिरवावी लागते, आणि ती उलटी फिरवून दात तोडणारे खूप. ठरावीक वेळेला चालू होतं पण बंद होत नाही, असं झालं तर ढिला झालेला टॅपेट, म्हणजे तबकडीवरची वेळ लावायची खुंटी, बघायचा. घरघर येऊ लागली तर गिअर झिजले आहेत. त्यातले सुटे भाग आता मिळत नाहीत, तेव्हा तोही बदलायचाच.

तिसरी तक्रार, उन्हाळ्यात कोमट होणारे रेडिएटर, यात प्रोग्रॅमरचा हात असण्याची शक्यता मला कमी वाटते. टर्मिनल ४ चा रिले चिकटून बसला असता तर हीटिंग पूर्ण जोरात चाललं असतं, कोमटपणावर थांबलं नसतं. आणि रूम थर्मोस्टॅट खाली फिरवल्यावर थांबलं असतं. तुमच्याकडे व्हॉल्व्हच्या आतला रबरी चेंडू झिजलेला असावा. पाणी तापत असताना थोडं गरम पाणी रेडिएटरच्या तोंडातून निसटतं आणि वर चढतं, म्हणून वरचे रेडिएटर आधी तापतात. पडताळा सोपा आहे: नुसतं पाणी लावून अर्ध्या तासाने व्हॉल्व्हपुढचे दोन्ही पाइप हाताने चाचपा, जपून. व्हॉल्व्हवर ए आणि बी अशी अक्षरं असतात. ए म्हणजे रेडिएटर, बी म्हणजे टाकी. ए-कडचा पाइप व्हॉल्व्हपासून हातभर लांबही गरम लागला तर व्हॉल्व्ह आतून गळतोय. मात्र एकच रेडिएटर, आणि तोही पाणी परत जाण्याच्या बाजूने तापत असेल, तर पाइपांची जोडणी चुकलेली असू शकते: टाकीचा परतीचा पाइप रेडिएटरच्या परतीच्या पाइपांनंतर, सगळ्यात शेवटी जोडलेला असायला हवा. तसं असेल तर ते प्लंबरचं काम.

याच संदर्भात एक गोष्ट, म्हणजे उगाच घाबरायला नको. वाय-प्लॅनमध्ये हीटिंग आणि पाणी दोन्ही बंद असतानाही व्हॉल्व्हची डबी हाताला ऊबदार लागते. टर्मिनल १ वरचा फेज करड्या तारेवर असतो आणि मोटर व्हॉल्व्हला धरून ठेवते, म्हणून. तो बिघाड नव्हे. उलट तुमच्या बाबतीत तो उपयोगी पुरावा आहे: नुसतं हीटिंग वापरून बंद केल्यावर, पाणीही बंद असताना, तासाभराने डबी थंडगार लागली तर टर्मिनल १ फेज देत नाही या संशयाला बळकटी येते. तसंच हीटिंग बंद झाल्यावर पंप चार-पाच मिनिटं चालू राहिला तर तेही ठीक; बऱ्याच बॉयलरांत तशी सोय असते. गॅरेजमध्ये किंवा माळ्यावर फ्रॉस्ट थर्मोस्टॅट असेल तर कडाक्याच्या रात्री तो बॉयलर आपणहून पेटवतो, तेव्हाही प्रोग्रॅमरला दोष द्यायचा नाही.

तेव्हा आतापर्यंतचा हिशेब असा. घड्याळ आणि डिस्प्ले: प्रोग्रॅमर, जवळजवळ नक्की. संध्याकाळचं हीटिंग: बहुधा प्रोग्रॅमरचं टर्मिनल १, पण वरची तपासणी केल्याशिवाय व्हॉल्व्हला मोकळा सोडू नका. कोमट रेडिएटर: व्हॉल्व्ह. बॉयलर कुठेच नाही.

तुम्ही स्वतः किती करावं, हे तुमच्या हातावर आणि घराच्या मालकीवर अवलंबून आहे. घर भाड्याचं असतं तर मी म्हटलं असतं, काहीच करू नका. इंग्लंडमध्ये १९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या ११व्या कलमाप्रमाणे हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं सर्वसाधारण भाडेकरारात घरमालकाचं काम आहे. त्याला लेखी कळवा. स्वतःचं घर असेल तर प्रोग्रॅमरच्या जागी तसाच प्रोग्रॅमर बसवायला कायद्याची आडकाठी नाही, पण बॉयलरचं गॅसचं काम फक्त गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत, नाव असलेल्या माणसानेच करायचं. २००९ पर्यंत ही नोंदणी कॉर्गी या संस्थेकडे होती, म्हणून जुन्या कागदांवर ते नाव दिसेल.

वायरिंगला हात लावायचा असेल तर आपल्याकडच्या सवयी इथे धोक्याच्या ठरतात, म्हणून मुद्दाम सांगतो. मीही महाराष्ट्रात आयटीआयमध्ये लाल म्हणजे फेज आणि काळा म्हणजे न्यूट्रल असंच शिकलो. तुमच्या घरातल्या १९८०च्या केबलमध्येही हेच रंग असतील. नवे तपकिरी आणि निळे रंग घरांच्या पक्क्या वायरिंगमध्ये २००४ नंतर आले आणि २००६ पासून सक्तीचे झाले. पण हीटिंगच्या जंक्शन बॉक्समध्ये त्या काळ्या तारेचा उपयोग बिनदिक्कत फेज न्यायला केलेला असतो. थर्मोस्टॅटकडे गेलेल्या केबलमधली काळी तार पुष्कळदा परत येणारा फेजच असते. रंगावर विश्वास ठेवायचा नाही, तार कुठून कुठे जाते ते बघायचं. घरातल्या निऑनच्या टेस्टरवरही विसंबू नका. हीटिंगच्या लांबलचक केबलमध्ये शेजारच्या तारेमुळे रिकाम्या तारेवरही टेस्टर मिणमिणतो, आणि त्याचा दिवा गेला असेल तर जिवंत तारेवरही अंधार. मल्टिमीटरलाही रिकाम्या तारेवर चाळीस, ऐंशी, शंभर व्होल्ट असे भुताटकीचे आकडे दिसतात. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर हवा, तो आधी माहीत असलेल्या जिवंत जागी लावून बघायचा, मग तुमच्या टर्मिनलवर, मग पुन्हा जिवंत जागी.

हीटिंगचा मेन स्विच बहुधा बॉयलरजवळ किंवा एअरिंग कपबोर्डाजवळ असतो, फ्यूज असलेला. तो फ्यूज ३ अँपिअरचाच असला पाहिजे. कुणीतरी घाईत १३चा घातलेला मी पुष्कळ ठिकाणी पाहिलाय. तसा असेल तर आजच बदला. आणि तो स्विच बंद केल्यावरही सहाही टर्मिनल तपासा, कारण कधीकधी बॉयलरला दुसरीकडून वेगळी वीज दिलेली सापडते.

प्रोग्रॅमर उतरवणं अवघड नाही. खालच्या कडेला दोन स्क्रू असतात, ते ढिले केले की तो खालून पुढे झुकवून वर उचलायचा. बॅकप्लेट आणि तारा भिंतीवरच राहतात. उतरवल्यावर लगेच टॉर्चच्या उजेडात बॅकप्लेट बघा. तारांच्या टोकाजवळ तपकिरी डाग, वितळलेलं प्लॅस्टिक, जळका वास यातलं काही असेल तर स्क्रू ढिला राहून तिथे ठिणग्या पडत होत्या. तारा हलकेच ओढून बघा. प्रोग्रॅमरची पाती ज्या खाचांत बसतात त्यांची पकडही सैल होते, आणि खरं सांगायचं तर थापेने दुरुस्त होणारा बिघाड कधीकधी रिलेचा नसून या खाचांचा निघतो. म्हणून नवा प्रोग्रॅमर घेताना जुन्या बॅकप्लेटवर नुसता अडकवू नका, जरी बसत असला तरी. त्याच्याबरोबर आलेली नवी बॅकप्लेटच लावा. तारा सोडण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक तारेला टर्मिनलच्या आकड्याची चिकटपट्टी लावा. आकडे जुळतात याची दोन्ही सूचनापत्रकांत खात्री करा, कारण काही जुन्या प्लेटांवर क्रम वेगळा आहे. टर्मिनल १ ची तार विसरू नका. ती राहिली तर नव्या प्रोग्रॅमरवरही तुमची आजची तक्रार जशीच्या तशी उभी राहील.

नव्या प्रोग्रॅमरच्या पाठीवर एक बारीक सरकती पट्टी किंवा जंपर असतो, त्यावर जी आणि पी अशी अक्षरं. जी म्हणजे ग्रॅव्हिटी: फार जुन्या घरांत टाकीकडे पाणी पंपाशिवाय आपोआप चढतं, तिथे पाणी चालू केल्याशिवाय हीटिंग लावता येऊ नये अशी अट घालावी लागते. पी म्हणजे पंपवाली, तुमच्यासारखी. पट्टी चुकून जी-वर राहिली तर हीटिंग लावलं की पाणीही लागतं आणि लोक नव्या मालाला नावं ठेवतात. एकदा भिंतीवर बसवला की ही पट्टी दिसत नाही, तेव्हा आधीच बघा.

कुठला घ्यायचा? साधा दोन चॅनेलचा प्रोग्रॅमर पन्नास ते शंभर पौंडांच्या आसपास मिळतो. ड्रेटन, हनीवेल, होर्स्टमन, पॉटरटन ही जुन्या घरांत दिसणारी नावं; त्यातलं होर्स्टमन पुढे उदयपूरच्या सिक्युअर मीटर्सने घेतलं, त्यामुळे दुकानात त्याच्या डब्यावर सिक्युअर हे नाव दिसेल. मोबाइलवरून चालणारं घ्यायलाही हरकत नाही, फक्त ते दोन चॅनेलचं असावं. एका चॅनेलचं कॉम्बीसाठी असतं, तुमच्या टाकीचा कारभार त्याला जमणार नाही. पण दिवसभर घरी सासू-सासरे असतील तर माझं मत साध्याच्या बाजूने आहे. ज्याच्यावर ‘एक तास जादा’ असं मोठं बटण आहे आणि ते दाबलं की दिवा लागतो, असा घ्या. थंडी वाजल्यावर सून ऑफिसातून येईपर्यंत वाट बघावी लागू नये.

व्हॉल्व्ह गळका निघाला तर तो बदलायला यंत्रणेतलं पाणी काढावं लागतं, तेव्हा ते काम वसंतात ढकललं तरी चालेल. थंडीत रेडिएटर कोमट झाले म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. नुसती मोटर मेली असेल तर मात्र बऱ्याच मॉडेलांत वरची डबी पाणी न काढता बदलता येते.

आणि हे सगळं होईपर्यंतची सोय. टाकीला वर किंवा बाजूला इमर्शन हीटर असेल, बहुधा ३ किलोवॉटचा. त्याचा स्विच वेगळा असतो आणि प्रोग्रॅमरशी त्याचा काही संबंध नसतो, म्हणून आंघोळीच्या पाण्याची अडचण होणार नाही. महाग पडतं, तेव्हा तासाभराने बंद करा. टाकीवरचा थर्मोस्टॅट पैसे वाचवायला ६० अंशांच्या खाली नेऊ नका, कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जंतू वाढतो आणि वयस्कर माणसांना तो जास्त बाधतो. संध्याकाळी हीटिंग लागलं नाही तर प्रोग्रॅमरवर थापा मारत बसू नका, गरम पाणीही चालू करा. माझा अंदाज बरोबर असेल तर बॉयलर लगेच पेटेल आणि रेडिएटर तापतील. हा तात्पुरता उपाय तर आहेच, शिवाय इलेक्ट्रिशियनला फोनवर सांगायची सगळ्यात महत्त्वाची माहितीही हीच: ‘वाय-प्लॅन आहे, दोन्ही लावलं की चालतं, नुसतं हीटिंग लावलं की चालत नाही.’ जाणकार माणूस एवढ्यावरच टर्मिनल १ पासून सुरुवात करेल. हे ऐकूनही तो बॉयलरचीच किंमत सांगू लागला, तर दुसऱ्याला फोन लावा.